घरांतील अळिंबी : ओलावा आणि मोकळी हवा

पावसाळा लागला कीं सह्याद्रीच्या पायथ्याशीं असलेल्या गांवांतून रानांतल्या अळिंब्या बाजारांत येऊं लागतात. वारुळाभोंवतीं किंवा पालापाचोळ्याच्या ओलसर थरांत एका रात्रींत उगवणारीं हीं छत्रें पुष्कळांना मोहांत पाडतात. परंतु त्यांतील खाण्याजोगीं कोणतीं व विषारी कोणतीं हें ओळखणें जाणत्यालाहि जड जातें, आणि चांदीचें नाणें काळें पडतें कीं नाहीं यासारख्या घरगुती कसोट्या तर सर्वस्वीं फसव्या आहेत. म्हणून शहरांतील कुटुंबानें रानांतल्या अळिंबीच्या वाटेस न जातां, ओळखीच्या जातीचें बीं आणून ती घरींच वाढवावी, हें श्रेयस्कर होय.

अळिंबी या एका नांवाखालीं अनेक जाती मोडतात. बाजारांत डबींतून मिळणारी पांढरी गोल बटण अळिंबी हिला मुद्दाम कुजविलेलें खत आणि १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो. हिमाचल प्रदेशांत सोलन येथें १९६१ सालीं सुरू झालेल्या योजनेपासून तिच्या लागवडीस आपल्या देशांत चालना मिळाली. पण यंत्रानें थंड केलेली खोली नसेल तर सातारा-सांगलीच्या गृहस्थानें तिचा नाद करूं नये. घरगुती लागवडीस योग्य ती धिंगरी, म्हणजे शिंपल्याच्या आकाराची अळिंबी. जर्मनींत पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१७ च्या सुमारास, झाडांच्या बुंध्यांवर तिचे प्रयोग झाले. पुढें म्हैसूरच्या मध्यवर्ती अन्नतंत्र संशोधन संस्थेंत बानो व श्रीवास्तव यांनीं १९६२ सालीं भाताच्या पेंढ्यावर तिच्या एका जातीची लागवड करून दाखविली. तेव्हांपासून हें पीक शेतकऱ्याच्या खळ्यावरून शहरांतल्या घरापर्यंत येऊन पोंचलें आहे. महाराष्ट्रांत पुण्याच्या कृषि महाविद्यालयांतील अळिंबी प्रकल्पानें त्याच्या प्रसाराचें काम केलेलें आहे.

रीत थोडक्यांत सांगतां येते. काडाची वाण या दोन जिल्ह्यांत कधींच पडत नाहीं. पाटण, जावळी, शिराळा या भागांत भाताचा पेंढा आहे, कऱ्हाड-वाळव्याकडे उसाचें पाचट व सोयाबीनचें भुसकट आहे, आणि गव्हाचें काड तर सर्वत्र मिळतें. तें बोटभर लांबीचें कापून रात्रभर थंड पाण्यांत भिजवावें, मग ८० अंशांच्या कढत पाण्यांत तासभर बुडवून ठेवावें व स्वच्छ जागीं निथळत घालावें. मुठींत घट्ट दाबलें असतां तळव्यास ओल लागावी पण थेंब गळूं नये, इतपत तें ओलें असावें. निवाल्यावर ओल्या काडाच्या शेंकडा दोन ते तीन या प्रमाणांत बीं घेऊन तें काडाच्या थरांबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवींत भरावें, तोंड बांधावें आणि पिशवीस चोहोंकडून बारीक भोंकें पाडून ती अंधाऱ्या जागीं ठेवावी. बीं म्हणजे गव्हाच्या अगर ज्वारीच्या दाण्यांवर वाढविलेली त्याच अळिंबीची बुरशी होय. पंधरा ते वीस दिवसांत तिच्या पांढऱ्या तंतूंनीं सारें काड विणून निघतें व पिशवींत जणूं कापसाचा गठ्ठा भरला आहे असें दिसूं लागतें.

येथवर फारशी चूक होत नाहीं. या अवस्थेंत बुरशीला कोंडलेली हवा सोसते, पाणी शिंपडावें लागत नाहीं, आणि गृहिणीस वाटतें कीं हें पीक मोठें सोशिक आहे. खरी परीक्षा पुढेंच असते. पिशवी फाडून काढली कीं तीन-चार दिवसांत गठ्ठ्यावर टांचणीच्या डोक्याएवढे कोंब येतात, आणि त्या दिवसापासून धिंगरीचा स्वभावच पालटतो. कालपर्यंत जिला कोंदट काळोख चालत होता, तिला आतां वाचतां येईल इतका उजेड हवा, शेंकडा ८० ते ९० आर्द्रता हवी, आणि मोकळी हवाहि हवी. उजेडाची सोय सोपी आहे. उरलेल्या दोन गोष्टींचें मात्र एकमेकींशीं वैर आहे. खिडकी उघडावी तर ओलावा निघून जातो, आणि ओलावा राखावा म्हणून खिडकी लावावी तर हवा कोंडते.

हें वैर कसें नडतें तें पाहण्यासाठीं असें समजावें कीं दोघी बहिणी आहेत. थोरली साताऱ्यास दिली आहे व धाकटी सांगलीस. थोरलीनें आषाढांत पिशव्या भरल्या. अजिंक्यताऱ्यावर ढग उतरलेले, वारा बोचरा, पावसाची झड घरांत येणारी. तिनें माजघरामागची लहान खोली घट्ट बंद केली आणि अळिंबीला ओल लागते असें ऐकलें होतें म्हणून दिवसांतून तीनदां पाणीहि मारलें. कोंब आले, पण ते छत्र्या न होतां मटकीच्या मोडांप्रमाणें लांबत चालले. देठ बोटभर, आणि वर छत्राच्या नांवानें मुगाच्या दाण्याएवढा ठिपका. कोणीतरी जाणत्यानें सांगितलें कीं खोली गुदमरली आहे. तिनें दोन्ही खिडक्या उघडल्या, पाणी बंद केलें, आणि दुसऱ्या बहराला तळहाताएवढीं गुबगुबीत छत्रें आलीं.

माघ सरतां सरतां धाकटीनें सांगलीस तोच उद्योग आरंभिला. कोंब दिसतांच तिनें बहिणीला विचारलें, ‘अक्का, आतां काय करूं?’ थोरलीनें आपला अनुभव सांगितला : ‘अग, खिडक्या उघड. सगळा खेळ हवेचा आहे.’ धाकटीनें दिवसभर खिडक्या उघड्या टाकल्या, आणि दुसऱ्या दिवशीं दुपारपर्यंत ते कोंब पिवळे पडून सुकले; कांहीं तर चुरगळलेल्या कागदासारखे झाले. घाबरून तिनें सर्व दारें-खिडक्या लावून घेतल्या, चोहोंकडे ओलें गोणपाट टांगलें व थेट गठ्ठ्यांवर पाण्याचा मारा सुरू केला. पुढचे कोंब लांबट देठांचे आले व त्यांवर तपकिरी चिकट डागहि पडले. आगींतून निघून फुफाट्यांत पडावें तशी तिची गत झाली.

दोघी बहिणींचें बीं एक, काड एक, मेहनतहि सारखीच. थोरलीचा सल्ला खोटा नव्हता; तो साताऱ्याच्या आषाढाचा होता, आणि वापरला गेला तो सांगलीच्या फाल्गुनाच्या तोंडावर. अळिंबीविषयीं छापून येणाऱ्या पुष्कळ सूचनांचा हाच दोष असतो. दिवसांतून तीन वेळां पाणी मारावें, दोन वेळां खिडक्या उघडाव्या, असें ठोक प्रमाण त्यांत दिलेलें असतें; पण बाहेरची हवा कशी आहे हें पाहिल्यावांचून त्या प्रमाणाला कांहींच अर्थ राहत नाहीं.

प्रथम हवेचा विचार. अळिंबी ही झाडासारखी दिसली तरी तिला हिरवा रंग नाहीं, आणि म्हणून ती झाडाप्रमाणें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करीत नाहीं. ती प्राण्याप्रमाणें श्वसन करते, प्राणवायु घेते व कर्बवायु सोडते. तिच्याखालचा सारा गठ्ठाहि रात्रंदिवस हेंच करीत असतो. बाहेरच्या मोकळ्या हवेंत दर दहा लाख भागांत कर्बवायूचे सुमारें ४२० भाग असतात. छत्रें धरण्याच्या काळांत खोलींतील हें प्रमाण हजाराच्या खालीं राहिलें पाहिजे. माणसाच्या उच्छ्वासांत तें चाळीस हजारांच्या घरांत असतें, यावरून बंद खोलींत हा हजाराचा आंकडा किती लवकर गांठला जातो याची कल्पना येईल. सांगलीकरांना कोंडलेल्या हवेचें निराळें उदाहरण द्यावयास नको. हरिपूरच्या जमिनींत हळद सांठविण्याचीं पेवें पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध होतीं. २००५ च्या महापुरानंतर त्यांतील पुष्कळ निकामी झालीं. पेवाचें तोंड उघडल्याबरोबर आंत उतरूं नये, आधीं हवा खेळूं द्यावी, ही खबरदारी जुनीं माणसें घेत आलीं. अळिंबीची खोली पेवाइतकी घातक नसते. पण कोंबाला बाहेर पडावयाची जागा केव्हां आली हें हवेवरूनच कळतें. भोंवतीं कर्बवायु दाटला असेल तर आपण अद्याप लांकडाच्या अगर काडाच्या पोटांतच आहों अशा समजुतीनें जणूं तो देठ लांबवीत राहतो व छत्र उघडीत नाहीं.

आतां ओलावा. २७ अंश उष्णतेच्या एक घनमीटर हवेंत जास्तींत जास्त २६ ग्रॅमच्या आसपास पाण्याची वाफ मावते. दहा फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच खोली घेतली तर तींत सुमारें २८ घनमीटर हवा असते. शेंकडा ८५ आर्द्रता राखावयाची तर त्या हवेंत साधारण ६१५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें असावें लागतें. माघ-फाल्गुनांतील सांगलीची दुपार ३४ अंशांची व शेंकडा २५ आर्द्रतेची धरली, तर तितक्याच बाहेरच्या हवेंत अवघें २६५ ग्रॅम पाणी भरतें. म्हणजे खोलींतील हवा एकदां पालटली कीं साडेतीनशें ग्रॅम पाण्याची तूट आली. खिडक्या सताड उघड्या असतां ताशीं पांच वेळां हवा पालटते असें मानलें, तर आठ तासांत १४ लिटर, म्हणजे एक भरली घागर, नुसत्या हवेला पाजावी लागेल. ती न पाजल्यास वारा तें पाणी कोठून घेणार? गठ्ठ्यांतून आणि कोंबांतूनच. ताज्या अळिंबीचा शेंकडा ९० च्या आसपास भाग पाणीच असतो. धाकटीचे कोंब एका दिवसांत कां सुकले याचें उत्तर या हिशेबांत आहे.

साताऱ्यांतील आषाढाचा हिशेब अगदीं उलटा. सातारा समुद्रसपाटीपासून सुमारें ७४० मीटर उंचीवर, सांगली ५५० मीटर; पण फरक उंचीपेक्षां डोंगराच्या सान्निध्याचा अधिक. एकाच सातारा जिल्ह्यांत महाबळेश्वरास पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि माणदेशांत पांचशें पडला तरी लोक समाधान मानतात. पावसाळ्यांत घाटाकडून येणारी हवा आधींच ओलीचिंब असते. ती घरांत घेतल्यानें ओलाव्याची कांहींच हानि होत नाहीं. अशा दिवसांत खिडकी लावून पाणी मारणें म्हणजे फुकट मिळणारें टाकून विकत घेणें होय. हवा आणि ओलावा यांचें वैर कोरड्या ऋतूंत असतें. पावसाळ्यांत तें मिटलेलें असतें, आणि थोरलीनें तें उगाच ओढवून घेतलें होतें. झडीची भीति असेल तर खिडकीवर तिरपें छपर किंवा ताडपत्री बांधावी, पण झरोका बुजवूं नये.

कोरड्या ऋतूंत दोहोंपैकीं आधीं कोणाची सोय पाहावी, असा प्रश्न पडला तर कौल हवेच्या बाजूनें द्यावा. ओलावा गेला तर तो भरून काढतां येतो, त्यासाठीं बादलीभर पाणी पुरे. पण कोंडलेल्या हवेवर खिडकी उघडण्यावांचून दुसरा उतारा नाहीं, आणि लांबलेला देठ पुन्हां आंखूड होत नाहीं. मात्र ही हवा केव्हां व कशी घ्यावी यांतच सारें कौशल्य आहे. सांगलींत उन्हाळ्याच्या तोंडाशीं दुपारची हवा वैरीण असते, तीच पहाटे बरीच निवळलेली व ओलसर असते. म्हणून रात्रीं निजण्यापूर्वीं अर्धा तास व पहाटे तासभर खिडक्या उघडाव्या, उन्हें चढल्यावर त्या जवळजवळ लावून घ्याव्या, आणि दिवसा येणारी थोडी हवा ओल्या गोणपाटांतून येईल असें करावें. जुन्या वाड्यांतून उन्हाळ्यांत दारांना वाळ्याचे पडदे सोडीत व त्यांवर पाणी मारीत, त्याच युक्तीचा हा उपयोग होय. ओल्या गोणपाटांतून येतांना हवा पाणी पिऊन येते आणि निवतेहि. माठांतलें पाणी ज्या कारणानें गार होतें तेंच कारण येथें आहे. गोणपाटाचें खालचें टोंक पाण्याच्या पसरट भांड्यांत बुडवून ठेवलें तर वरचेवर शिंपडण्याचा त्रासहि वांचतो. जमिनीवर वाळूचा किंवा विटांच्या तुकड्यांचा थर देऊन तो ओला ठेवावा.

पाणी द्यावयाचें तें भिंतींना, जमिनीला, गोणपाटाला, कोंबांना नव्हे. हा भेद धाकटीला कोणी सांगितला नव्हता. कोंवळ्या छत्रांवर पाणी सांचून तासन्‌तास राहिलें कीं त्यावर जिवाणु वाढतात व तपकिरी डाग पडून छत्र चिकट होतें. छत्रें मोठीं झाल्यावर अगदीं बारीक तुषारांची झुळूक चालते, पण तीहि खिडकी उघडण्याआधीं द्यावी, म्हणजे नंतरच्या वाऱ्यानें अंगावरचें पाणी पंधरा-वीस मिनिटांत सुकून जाईल. पाणी मारून लगेच दार लावून घेण्याची संवय सर्वांत वाईट. शंभर टक्के आर्द्रता हेंहि ध्येय नव्हे. छत्रांतून थोडें पाणी उडत राहिलें पाहिजे, त्याच्या ओढीनेंच खालून काडांतील रस वर चढतो.

मोजमाप असल्यावांचून हीं सर्व बोलणीं हवेंतलीं राहतात. बाजारांत आतां आंकडे दाखविणारीं छोटीं आर्द्रतामापकें स्वस्त मिळतात. तीं नसलीं तरी दोन साधे उष्णतामापक पुरतात. एकाच्या पाऱ्याच्या फुग्यावर मलमलीची चिंधी गुंडाळून तिचें टोंक पाण्यांत सोडावें. कोरडा मापक २५ व ओला २३ अंश दाखवीत असेल तर आर्द्रता शेंकडा ८४ च्या आसपास आहे, म्हणजे ठीक आहे. दोहोंत पांच अंशांचें अंतर पडलें तर ती ६३ वर उतरली, आणि कोंब धोक्यांत आहेत. हवा खेळते कीं नाहीं हें पाहण्यास देवघरांतली उदबत्ती पुरेशी आहे. खोलीच्या एका बाजूस जमिनीजवळ व समोरच्या बाजूस छताजवळ असे दोन झरोके ठेवावे. खालच्या झरोक्याशीं उदबत्ती धरली असतां धूर आंत ओढला जाऊन हळूहळू वर सरकला तर काम साधलें. तो जागच्याजागीं वेटोळीं घालीत राहिला तर हवा कोंडली आहे, आणि फर्रकन् उडाला तर वारा गठ्ठ्यांना सुकवील. दोन्ही झरोक्यांना बारीक जाळी लावणें अवश्य आहे, कारण काडाच्या वासानें येणारीं चिलटें त्यांत अंडीं घालतात.

खोली निवडतांनाहि ओलाव्याविषयीं एक गैरसमज आढळतो. भिंतीला ओल आहे तेथें अळिंबी चांगली येईल असें अनेकांना वाटतें. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी सांगली शहरांत शिरलें. अशा पुरानंतर भिंतींत मुरलेली ओल म्हणजे हिरव्या-काळ्या बुरशीचें माहेरघर होय, आणि ती बुरशी धिंगरीची सवत आहे. ती आधीं खरवडून काढावी, भिंतींस चुना द्यावा, आणि खोली पुरती वाळल्यावरच मग हव्या त्या ओलाव्याची योजना करावी. गठ्ठ्यावर कोठें हिरवा डाग दिसल्यास तो गठ्ठा त्याच क्षणीं घराबाहेर न्यावा. त्याची दयामाया करूं नये.

मोकळ्या हवेची गरज अळिंबीपुरतीच आहे असें मात्र नाहीं. धिंगरीचें छत्र पूर्ण उमलून त्याची कड वर वळूं लागली कीं त्याच्या खालच्या पाकळ्यांतून असंख्य सूक्ष्म बीजकण धुळीसारखे उडतात. बंद खोलींत ते श्वासाबरोबर वारंवार आंत जाऊन कांहीं माणसांना खोकला, ताप, धाप असा विकार जडतो; अळिंबीच्या मोठ्या कारखान्यांतील कामगारांत तो वैद्यांच्या चांगला परिचयाचा आहे. म्हणून निजण्याच्या खोलींत अळिंबी कदापि वाढवूं नये, दम्याच्या माणसाला त्या खोलींत पाठवूं नये, आंत शिरण्यापूर्वीं खिडक्या थोडा वेळ उघडाव्या व नाकातोंडावर फडकें बांधावें. वजन आणखी वाढेल या लोभानें कड वर वळेपर्यंत वाट पाहणें हें या दृष्टीनेंहि चुकीचें आहे. कड किंचित् खालीं वळलेली असतांनाच, पाणी मारण्यापूर्वीं, झुबका मुळाशीं पिळून काढावा.

पहिला बहर निघाल्यावर सात ते दहा दिवसांनीं दुसरा येतो व तितक्याच अंतरानें तिसरा. एक किलो कोरड्या काडामागें सारे बहर मिळून अर्धा किलोपर्यंत ताजी अळिंबी हातीं आली तर समाधान मानावें. दोन बहरांच्या मधल्या दिवसांत गठ्ठ्यावर कोंब नसतात, तेव्हां त्याच्या अंगावर थोडें पाणी शिंपडण्यास हरकत नाहीं, व हवेची ओढहि जरा कमी चालते. नवे कोंब दिसले कीं पुन्हां पहिला नेम. तिसऱ्या बहरानंतर गठ्ठा हलका व तांबूस होतो. तो फोडून परसांतल्या खताच्या खड्ड्यांत टाकावा, आणि खोली धुऊन, सर्व खिडक्या उघडून, चांगले आठ दिवस मोकळी ठेवावी.